पत्रा कुठे थांबवायचा

गोलवाल्याला गोलवाला हे नाव कुणी ठेवलं, ते आता कुणालाच सांगता यायचं नाही. तो स्वतः काही गोल नव्हता. उलट शिडीसारखा उंच आणि सुकलेला, दार कितीही मोठं असो, सवयीनं मान वाकवून आत शिरणारा. पण सपाट पोलादी पत्र्याला गोलाई द्यायची असली की आजूबाजूच्या चार गल्ल्यांतली माणसं त्याचंच दार ठोठावायची. मोठ्या कारखान्यांतून तीन रुळांचं यंत्र असतं. एका बाजूनं पत्रा घातला की दुसऱ्या बाजूनं कमान होऊन बाहेर पडतो. गोलवाल्याच्या शेडमध्ये यंत्र नव्हतं. एक पाइप होता.

त्या पाइपाचीही एक गंमतच आहे. नळाची मोठी लाइन टाकायचं काम चाललं होतं, तेव्हा वीतभर जाडीचा, पुरुषभर लांबीचा एक पाइप ठेकेदारानं वाकडा म्हणून रस्त्याकडेला टाकून दिला होता. गोलवाला तेव्हा ऐन विशीत. रोज तिथून जायचा आणि रोज एक डोळा मिटून पाइपावरून नजर फिरवायचा. आठव्या दिवशी ठेकेदाराला म्हणाला, "साहेब, पाइप सरळ आहे. तुमच्या माणसाची मान वाकडी आहे."

ठेकेदार हसला. "मग एकट्यानं ने, तुझाच."

एकट्यानं कसला उचलतोय! त्यानं तो लाथेनं लोटत नेला. वाटेत एक चढ लागला, तिथं सगळी दुपार गेली. चढाच्या माथ्यावर घराच्या पायरीवर बसून एक मुलगी हा तमाशा बघत होती. तीनदा पाइप हातचा सुटून गडगडत खाली गेला आणि तिन्ही वेळा हा त्याच्यामागं बोंबलत धावला. चौथ्यांदा ती उठली, दाराशी पडलेली वीट उचलून पाइपाखाली सरकवली आणि म्हणाली, "बास. आता दम घ्या."

वर्षाच्या आत ती त्याची बायको झाली. पाइपही घरात आला आणि बायकोही आली. दोघांपैकी जास्त जड कोण, यावर तो पुढं तीस वर्षं विनोद करत राहिला. ती नाक मुरडायची.

काम ऐकायला अगदी सोपं. पाइप दोन लाकडी घोड्यांवर आडवा ठेवून आवळलेला. त्याच्या डोक्यावर तेवढ्याच लांबीची लोखंडी पट्टी, दोन टोकांना दोन बोल्ट. पत्रा त्या दोहोंच्या फटीत सरकवायचा, बोल्ट आवळायचे, पत्र्याच्या मोकळ्या कडेला एक फळी पकडीत धरायची आणि फळीवर भार टाकून खाली दाबायचं. मग बोल्ट सैल करून पत्रा दोन बोटं पुढं घ्यायचा. खडूची पुढची रेघ पट्टीखाली आली की पुन्हा आवळायचं, पुन्हा दाबायचं. अशा वीस-पंचवीस रेघा झाल्या की कमान तयार. दोन्ही कडा तेवढ्या आधीच पाइपावर ठेवून लाकडी हातोड्यानं वळवून घ्यायच्या, नाहीतर कडेची चार बोटं शेवटपर्यंत सरळच राहतात आणि कमानीला मिशा फुटल्यासारख्या दिसतात.

सगळी मेख पुढंच आहे. पोलाद जितकं दाबावं तितकं वाकून राहत नाही. हात सोडला की ते थोडं मागं येतं. किती मागं येतं, ते ज्या त्या पत्र्यावर. एकाच गठ्ठ्यातले दोन पत्रे घ्या, सख्ख्या भावांसारखे: एक सांगितलेलं ऐकणार, दुसरा मान डोलावून आपलंच खरं करणार. म्हणून हवं त्याहून जरा जास्त दाबायचं. जरा म्हणजे किती? भल्याभल्यांचे हात तिथं टेकतात. कमी पडलं तर कमान आ वासून राहते. जास्त झालं तर आवळून जाते, आणि जास्त वाकलेला पत्रा उलटा सरळ करू गेलं तर त्याच्यावर लाटा उठतात, म्हाताऱ्याच्या कपाळासारख्या. त्या कशानंही जात नाहीत.

फळीच्या एका टोकाला गोलवाला असायचा, दुसऱ्या टोकाला त्याची बायको. तो दाबायचा, ती दाबायची. ती मान थोडी उजवीकडे कलती करून पत्र्याकडे बघायची आणि म्हणायची, "बास."

तो थांबायचा, पण लगेच नाही. बायकोनं म्हटलं आणि नवऱ्यानं ऐकलं असं दिसायला नको, म्हणून केसभर आणखी दाबायचा.

"बास म्हटलं ना!"

"अगं, हा शेवटचा केसभर, ही खरी कला."

गिऱ्हाईक समोर असलं की मग काय विचारता. कुणी म्हटलं, "गोलवाले, यंत्राशिवाय इतकं नेमकं कसं हो जमतं?" की हा हाताचे पंजे पुढं धरायचा, जणू देवळातला प्रसादच. "हाताला कळतं," म्हणायचा. मागं उभी राहून ती फळीच्या पकडी सोडवत असायची. एकदा बेकरीवाल्यानं तिलाच विचारलं, "काय वहिनी, यांच्या हाताला खरंच कळतं का?" ती म्हणाली, "पत्रा सांगतो सगळं. हे ऐकत नाहीत, म्हणून मी ओरडते." त्यावर सगळ्यात मोठ्यानं गोलवालाच हसला होता.

तशी 'बास' म्हणायची तिला सवयच होती. चहात साखर घालताना बास, रेडिओ मोठा झाला की बास, जावई आला आणि सासऱ्यानं पाइपाची गोष्ट विसाव्यांदा काढली की बास. गोलवाला म्हणायचा, बारशाला हिच्या आत्यानं हेच नाव ठेवलं असतं तर हाक मारणं सोपं झालं असतं.

सहा महिन्यांपूर्वी एका सकाळी ती चहा ढवळत होती. चमचा कपात फिरत होता, फिरत होता, आणि मग नुसता कपाच्या काठावर वाजायला लागला. गोलवाला दाढी करत होता. आरशातूनच म्हणाला, "अगं, भोक पडेल कपाला." चमचा खाली पडला. मग कप. मग ती.

उजवं अंग गेलं आणि बोलणं गेलं. तीन आठवडे दवाखान्यात काढून ती घरी आली, तेव्हा अंगात थोडी धुगधुगी आली होती; काठी आणि माणूस असं दोन्ही असलं तर चार पावलं टाकत होती. शब्द मात्र एकच उरला होता. "हो." चहा हवा का? हो. नको का? हो. झोपायचं? हो. उठायचं? हो. शेजारीण मांजर घेऊन आली, "गावाला जातेय, चार दिवस ठेवू का तुमच्याकडे?" तर हो. शेजारीण परत आली, तोवर मांजरानं गोलवाल्याच्या खुर्चीवर कायमचा कब्जा केला होता. तिनं विचारलं, "राहू दे का इथंच?" हो.

सुरुवातीला लेक आणि तो यावर हसायचे. मग एकदा लेकीनं, का कुणास ठाऊक, विचारलं, "आई, मी कोण? शेजारीण का मी?" ती तिच्याकडे मायेनं बघत म्हणाली, "हो." त्या दिवसापासून घरात ते हसणं बंद झालं.

डॉक्टरनं सांगितलं होतं, "बोलणं यायचं असलं तर बहुतेक पहिल्या सहा महिन्यांत येतं. पुढचं सांगवत नाही." डॉक्टर सहज बोलून गेला. गोलवाल्यानं मात्र भिंतीवर खडूनं सहा उभ्या रेघा मारल्या, पत्र्यावर मारतो तशा, दोन-दोन बोटांच्या अंतरानं. महिना संपला की एक रेघ पुसायची.

दोन रेघा पुसल्यावर तो शेडमध्ये परत गेला. घरी बसून हात शिवशिवायला लागले होते. दुसऱ्या टोकाला माणूस नव्हतं, तेव्हा त्यानं फळीच्या मधोमध एक लांब दांडा बसवला. दांडा एकट्यानं दाबला की दोन्ही टोकं सारखी खाली जायची. ही युक्ती सुचल्यावर त्यानं स्वतःचीच पाठ थोपटली. मग पत्रा लावला आणि तो बिघडवला.

आता बिघडतं कधीकधी. त्यानं दुसरा लावला, तोही आवळून गेला. तिसरा आ वासून राहिला. त्यानं पत्रा विकणाऱ्याला शिव्या घातल्या, की हल्ली पोलादात काय मिसळतात देव जाणे. मग पाइपाला घातल्या. मग उन्हाला. पत्रा सावलीत ठेवून पाहिला, ओल्या फडक्यानं पुसून पाहिला, दुसऱ्या अंगानं फिरवून पाहिला. एका वहीत प्रत्येक रेघेला किती दाबलं आणि किती मागं आलं ते लिहून काढलं. चौथीपर्यंतच्या शाळेत शिकलेलं सगळं गणित त्यात ओतलं. पुढच्या पत्र्यानं त्या वहीचं एक अक्षर ऐकलं नाही.

पाचवी रेघ पुसायला आली, तेव्हा बेकरीवाला आला. त्याच्या भट्टीच्या तोंडावरची पत्र्याची कमान जळून चाळण झाली होती. धूर आणि आच अंगावर येऊ नये म्हणून ती कमान विटांना चिकटून बसावी लागते. बोटभर फट राहिली की भाजणाऱ्याच्या भुवया जातात. बेकरीवाल्याला भुवया मुळातच कमी होत्या. कमानीच्या मापाचा पुठ्ठ्याचा फर्मा कापून आणला होता त्यानं. तो कोपऱ्यातले बिघडलेले पत्रे बघत उभा राहिला आणि भाबडेपणानं म्हणाला, "अहो गोलवाले, तुम्ही दाबायचे आणि वहिनी थांबवायच्या. आता थांबवायला कोण आहे?"

गोलवाल्याच्या डोक्यात तिडीक गेली. "थांबवायला काय लागतंय! कुणीही थांबवील."

"मग मी थांबवू?"

"थांबव की."

बेकरीवाला टोकाशी उभा राहिला. छाती पुढं, मान कलती, अगदी वहिनींसारखी. गोलवाल्यानं दांड्यावर हात ठेवायची खोटी, हा ओरडला, "बास!"

"अरे, अजून दाबलं कुठं?"

"बरं, दाबा. दाबा. दाबा... अहो दाबा की."

"दाबतोच आहे!"

"मग बास! नाही, थांबा, जरा आणखी. बास, बास! गेलं वाटतं."

गेलंच होतं. दोघंही घाम पुसत बसले. बेकरीवाला म्हणाला, "पाव भाजला की मला वासावरून कळतं हो. कसं ते विचाराल तर नाही सांगता यायचं." आणि मग हळूच, "वहिनींना विचारलं होतंत का कधी?"

नव्हतं विचारलं. एकतीस वर्षांत एकदाही नाही.

त्या रात्री नव्हे, दुसऱ्या दिवशी भर दुपारी, मांजराला खुर्चीवरून उठवता उठवता गोलवाल्याच्या लक्षात आलं, आणि तो अर्धवट वाकलेलाच राहिला. 'बास' झाल्यावर तो दर वेळी केसभर जास्त दाबायचा. तरी कमान नेमकी यायची. म्हणजे ती केसभर आधीच 'बास' म्हणायची. त्याचा हट्ट तिनं मोजून ठेवला होता. पत्रा किती मागं येईल हे तर तिला कळायचंच, पण नवरा किती पुढं जाईल हेही तिला ठाऊक होतं, आणि दोन्ही हिशेबात धरून ती तोंड उघडायची. आणि हा गावभर पंजे दाखवत फिरला.

ती पलंगावर बसून खिडकीबाहेर बघत होती. तो तिच्यासमोर जाऊन उभा राहिला. "तुला सगळं ठाऊक होतं ना गं?" म्हणाला.

"हो," ती म्हणाली.

आता याचा काय अर्थ लावायचा माणसानं?

बोलायचा सराव करून घ्यायला आठवड्यातून दोनदा एक तरुण बाई यायची. चित्रांचे पत्ते दाखवायची. छत्री? हो. गाढव? हो. जाता जाता एकदा ती गोलवाल्याला म्हणाली, "काका, विचार करून बोलायचे शब्द अडतात. पण हाडामांसात मुरलेल्या सवयीचे शब्द कधीकधी आपोआप निसटतात. मोजणी, गाणं, एखादी शिवीसुद्धा."

गोलवाल्यानं हे बोलणं गाठीशी बांधलं. चिखलात फिरून आला आणि बूट न काढता सरळ तिच्या धुतलेल्या चादरीवर उभा राहिला. याच एका गोष्टीवरून पूर्वी तिनं त्याला घराबाहेर उभं केलं होतं. तिनं बुटांकडे बघितलं. मग त्याच्याकडे बघितलं. तो पलंगावर उभा, डोकं छताला लागलेलं, कानात प्राण आणून वाट बघत.

"हो," ती म्हणाली.

चादर त्यानंच धुतली.

भिंतीवर शेवटची रेघ उरली आणि तीही संपत आली, तेव्हा त्यानं मनाशी ठरवलं. तो शब्द घरात नाही. घरात तो साखरेसाठी आणि रेडिओसाठी होता. त्याचं खरं ठिकाण शेड होतं. एकतीस वर्षं, दर पत्र्याला पंचवीस वेळा. इतक्या वेळा पायवाटेवरून गेलं तर दगडाला खळगा पडतो. पत्रा पाइपावर चढला, फळी खाली जायला लागली आणि पत्रा हद्दीपाशी आला की तो शब्द तिच्या तोंडून निसटणारच. मेलेली असती तरी उठून म्हणाली असती, असं त्याला वाटत होतं.

लेकीला कळलं तेव्हा ती कडाडली. "बाबा, आईला तिथं कशाला? धार लागेल, पडेल ती. आणि नाही बोलली तर?"

"बोलेल."

"नाही बोलली तर बाबा? सोमवारी डॉक्टरकडे जायचंय. तुमचं काय होईल, ते सांगा आधी."

तो पायात बूट सरकवून शेडकडे निघाला.

शुक्रवारी सकाळी पत्रे आणायच्या हातगाडीवर गादी टाकून त्यानं तिला बसवलं. शाल गुंडाळली, मांजर खाली उतरवलं, ते पुन्हा चढलं, पुन्हा उतरवलं. गाडी ढकलत शेडशी नेली. तिचं स्टूल त्यानं आदल्या दिवशीच पुसून तिच्या टोकाला ठेवलं होतं. पण काठी टेकत आत आल्यावर ती स्टुलाकडे गेलीच नाही. कुणी सांगितलं नाही, धरून नेलं नाही. ती सरळ पाइपाच्या उजव्या टोकाशी, स्वतःच्या जागी जाऊन उभी राहिली. डावा हात फळीवर ठेवला. आणि मान थोडी उजवीकडे कलती केली.

बोल्ट आवळताना गोलवाल्याच्या हातातून पाना दोनदा निसटला.

पत्रा बेकरीवाल्याचा होता, कडा आधीच वळवून ठेवलेल्या, खडूच्या रेघा मारलेल्या. त्यानं स्वतःशी दोन गोष्टी पक्क्या केल्या होत्या. एक, तिला काही विचारायचं नाही. 'बास का?' म्हटलं तर ती हो म्हणणार, आणि त्याला काडीची किंमत नाही. दुसरी, आपण होऊन थांबायचं नाही. आपण थांबलो तर तिला थांबवायला काय उरलं?

पहिली रेघ. तो दांड्यावर रेलला. फळी खाली गेली. पत्रा कुरकुरला. तो थोडं थांबून, चोरून तिच्याकडे बघत, आणखी रेलला. इथं. इथंच म्हणायची ती. तिचे डोळे पत्र्यावर खिळलेले होते. ओठ हलले.

"हो," ती म्हणाली.

चालायचंच. पहिलीच रेघ आहे. गंजलेलं बिजागर एका हिसक्यात थोडंच फिरतं. त्यानं बोल्ट सैल केले, पत्रा दोन बोटं पुढं घेतला. दुसरी रेघ. हो. तिसरी. हो. पाचव्या रेघेला तिनं डाव्या हातानं फळी दाबायला सुरुवात केली. त्याच्याबरोबर, त्याच्याच तालात. आणि तिचा चेहरा उजळला. सहा महिन्यांत तो चेहरा असा एकदाही झाला नव्हता. चित्रांच्या पत्त्यांना नाही, लेकीला नाही, मांजराला नाही. ती काम करत होती. दर दाबाला "हो", दर सरकवण्याला "हो", जणू म्हणत होती, असंच, चालू दे, चालू दे.

आठव्या रेघेला फर्मा लावायची गरजच नव्हती. बेकरीवाल्याची कमान हातची गेली होती. आता थांबून पत्रा फेकून देता आला असता. पण ती त्याच्याकडे बघून हसली, अर्ध्या चेहऱ्यानं, आणि हात फळीवर ठेवून वाट बघू लागली. आता काय करणार! त्यानं पत्रा पुढं घेतला.

बाराव्या रेघेला पत्रा अर्धा गोल झाला होता, पंधराव्याला नालासारखा. गोलवाल्याचे खांदे भरून आले, शर्ट पाठीला चिकटला. तरी तो मनात म्हणत होता, आता. आता तर कुणीही म्हणेल. रस्त्यानं जाणारा म्हणेल, मांजर म्हणेल. अगं, काय चाललंय हे, तुला दिसत नाही का? पत्रा सांगत नाही का तुला? ओरड ना माझ्यावर. बास म्हण, मूर्खा म्हण, तुमच्या हाताला काडीचं कळत नाही म्हण.

"हो," ती म्हणत होती. "हो. हो."

वीस रेघांनंतर पत्र्याची एक कड पाइपाखालून फिरून वर यायला लागली. फळी बसेना, म्हणून ती काढून त्यानं नुसत्या तळहातांनी दाबलं. शेवटच्या रेघेला दोन्ही कडा एकमेकींवर आदळल्या. टण्ण! आवाज शेडभर घुमला आणि विरला.

ती गप्प झाली. पुढं होऊन तिनं डाव्या हाताची बोटं त्या जुळलेल्या कडांवरून फिरवली, या टोकापासून त्या टोकापर्यंत. मग कोपऱ्यात भिंतीला टेकवलेला बेकरीवाल्याचा पुठ्ठ्याचा फर्मा तिला दिसला. ती फर्म्याकडे बघत राहिली, मग पत्र्याकडे, मग फर्म्याकडे. चेहऱ्यावरचा उजेड हळूहळू मावळला. एकतीस वर्षं जिनं केसभरसुद्धा चुकू दिलं नाही, तिला हे काय झालंय ते कळायला शब्द लागत नव्हते. तिच्या ओठांची हालचाल झाली. दोन्ही ओठ घट्ट मिटले, जणू 'ब' आता फुटणारच.

"हो," ती म्हणाली. अगदी हळू. डोळ्यांतून पाणी आलं ते उजव्या गालावरून ओघळलं, आणि त्या गालाला काही जाणवत नसल्यानं तिनं ते पुसलं नाही.

त्यानं पुसलं. मग पट्टी सोडवली, घोडा बाजूला करून पाइप त्या नळकांड्यातून उपसून काढला. दाब सुटल्यावर पत्रा मागं आला. दोन्ही कडा फाकल्या आणि मध्ये दोन बोटांची फट पडली.

तेवढ्यात बेकरीवाला दारात उभा. "झाली का कमान? म्हटलं दुपारपर्यंत..." त्याची नजर नळकांड्यावर गेली, मग वहिनींवर.

"यंत्रवाल्याकडे जा," गोलवाला म्हणाला. "पत्रा मी देतो नवीन."

"अहो, असं काय करता? थांबतो की मी महिनाभर. तुमच्या हातची गोलाई..."

"माझ्या हातची नव्हती रे ती." गोलवाल्यानं पंजे पुढं धरले, पूर्वी धरायचा तसेच, आणि स्वतःच त्यांच्याकडे परक्यासारखं बघितलं. "मी नुसता दाबायचो."

बेकरीवाला फर्मा काखेत मारून निघाला. दारात थांबून म्हणाला, "येतो वहिनी."

"हो," ती म्हणाली.

गोलवाला वळला, तर ती स्टुलावर बसली होती आणि डाव्या हाताची बोटं तिनं नळकांड्याच्या त्या फटीत घातली होती. कापलेल्या पत्र्याची कड म्हणजे पाजळलेला वस्तराच. "अगं, हात!" तो ओरडून धावला. बोटं सोडवून उलटसुलट करून पाहिली. एवढंसं खरचटलं होतं. त्यानं फडकं गुंडाळलं. पण हात सोडला की ती पुन्हा तिथंच नेत होती, फटीपाशी, काहीतरी आत राहून गेल्यासारखी.

शेवटी त्यानं कानस घेतली. नळकांडं दोन पायांत धरून जमिनीवर बसला आणि तिचा हात जिथं जात होता तिथली कड घासू लागला. खर्र, खर्र. लोखंडाचा भुगा त्याच्या मांडीवर पडत होता. सोमवारी डॉक्टरला काय सांगायचं, लेक दारात उभी राहून विचारील तेव्हा तिला काय सांगायचं, भिंतीवरची रेघ आपण पुसायची की ती आपोआप पुसट होऊ द्यायची, यातलं काहीच त्याला सुचत नव्हतं. एक बाजू गुळगुळीत झाली तशी त्यानं दुसरी घेतली.

"हो," ती म्हणाली.

दुसरीही गुळगुळीत झाली. आता बोट फिरवलं तरी काही लागत नव्हतं. पण थांबायचं कुठे हे त्याला कधीच कळलेलं नव्हतं, आणि तो घासतच राहिला.